घरात बोट लागलेला राजपुत्र

माझे आजोबा तेहतीस वर्षं बोटीवर होते. खलाशी म्हणून चढले आणि सुकाणी म्हणून उतरले. रत्नागिरीला परतल्यावर त्यांनी घर बांधलं. चांगलं ऐसपैस, ओटी, माजघर, वर माळा. पण झोपायचे ते पडवीतल्या एका अरुंद बाकड्यावर, भिंतीला पाठ लावून. त्या बाकड्याला बाहेरच्या अंगाने त्यांनी सुताराकडून चार बोटं उंचीची पट्टी ठोकून घेतली होती. बोट कलली तर माणूस खाली पडू नये, म्हणून बर्थला असते तशी. घर कलत नाही हे त्यांना ठाऊक होतं. तरी पट्टी होतीच. आजी म्हणायची, "लोकांना बोटीत बोट लागते, ह्यांना घरात लागते."

हे बाकडं मला आठवलं ते इटलीत, एका राजवाड्यात. आठवलं म्हणजे इतकं की मी दारातच थबकलो आणि मागून येणारं एक जर्मन जोडपं माझ्यावर येऊन आदळलं.

त्रिएस्ते नावाचं बंदर इटलीच्या अगदी ईशान्य टोकाला आहे, एड्रियाटिक समुद्रावर. बायको भौतिकशास्त्रातली. शहराबाहेर सात-आठ किलोमीटरवर मिरामारे म्हणून जागा आहे, तिथे अब्दुस सलाम यांनी १९६४ साली उभी केलेली सैद्धांतिक भौतिकशास्त्राची आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिथल्या एका कार्यशाळेसाठी तिला तीन आठवडे जायचं होतं आणि मी शेपटासारखा गेलो. ती सकाळी आठला समीकरणं सोडवायला जायची. मला दुपारच्या जेवणापर्यंत काही काम नव्हतं. जावईबापू सासुरवाडीला असतो तसा रिकामा. पायी पंधरा-वीस मिनिटांवर बाग होती, बागेच्या टोकाला समुद्रात घुसलेला एक खडक आणि त्या खडकावर पांढराशुभ्र किल्लेवजा वाडा. पहिल्या दिवशी तो मला आवडला नाही. लग्नाच्या केकवर ठेवतात तसला दिसतो. बुरूज आहेत पण लढायला नाहीत, तटात जंग्या, म्हणजे बंदुकीची भोकं, आहेत पण कुणावर गोळी झाडायला नाहीत. सिंधुदुर्ग, जंजिरा बघत मोठं झालेल्या माणसाला असला किल्ला म्हणजे चेष्टाच वाटते.

दुसऱ्या दिवशी तिकीट काढून आत गेलो. तळमजल्यावर एक खोली लागते. आधीच्या दालनांमध्ये छत उंच, आणि इथे एकदम खाली येतं. भिंती लाकडी. सगळं आटोपशीर, हाताच्या अंतरावर. खिडकीबाहेर फक्त पाणी. ही घरमालकाची खोली. 'नोवारा' नावाच्या लढाऊ जहाजाच्या पिछाडीला त्याची केबिन होती, तिची ही हुबेहूब नक्कल त्याने राजवाड्यात करवून घेतली होती. हाताशी बावीस हेक्टरची बाग, दिमतीला नोकरचाकर, आणि साहेब बसणार बोटीच्या केबिनीत. म्हणजे ह्यांनाही घरात बोट लागलेली.

तिथून पुढचे अडीच आठवडे मी ह्या माणसाच्या मागे लागलो.

आर्चड्यूक फर्डिनांड मॅक्सिमिलियन. जन्म ६ जुलै १८३२, व्हिएन्नाच्या शोनब्रुन राजवाड्यात. ऑस्ट्रियाचं हॅब्सबुर्ग राजघराणं, म्हणजे युरोपातल्या थोरल्या पातीतलं. मोठा भाऊ फ्रान्झ जोसेफ फक्त दोन वर्षांनी मोठा, पण १८४८ साली अठराव्या वर्षी सम्राट झाला आणि मग पुढची अडुसष्ट वर्षं हललाच नाही. राजघराण्यातल्या धाकट्याची अवस्था आपल्याकडच्या सरदार घराण्यांना नवी नाही. मान सगळा, काम काही नाही. धाकट्याला कवितेचा, फुलझाडांचा, चित्रांचा नाद. थोरला पहाटे उठून फायली उपसणारा. दोघांचं जमत होतं की नव्हतं ह्यावर बरंच लिहिलं गेलं आहे. मला एवढंच दिसतं की थोरल्याने धाकट्याला समुद्रावर धाडलं आणि ह्या एका गोष्टीत दोघांचंही भलं झालं.

ऑस्ट्रियाला त्या काळी समुद्र होता हेच आपण विसरतो. व्हेनिस, त्रिएस्ते, दाल्मेशियाचा किनारा, हे सगळं तेव्हा त्यांच्याकडे होतं. पण आरमार म्हणजे नावापुरतं. अधिकारी आणि खलाशी बहुतेक व्हेनिसचे, हुकूम इटालियनमध्ये, आणि १८४८ मध्ये व्हेनिसने बंड केलं तेव्हा ह्यातले किती आपले आणि किती बंडवाल्यांचे हेच कळेना. 'नोवारा' ह्या जहाजाचीच गोष्ट पाहा. व्हेनिसच्या गोदीत तिचा कणा घातला तेव्हा नाव 'मिनर्व्हा'. बंडवाल्यांनी गोदी घेतली आणि नाव ठेवलं 'इटालिया'. ऑस्ट्रियाने व्हेनिस परत घेतलं आणि पिएडमाँटच्या इटालियन फौजेचा ज्या गावी पराभव केला होता, त्या गावाचं नाव जहाजाला दिलं. पाण्यात उतरायच्या आधी तीन बारशी झालेली बोट. कोकणात कुणी तिच्यावर पाय ठेवला नसता.

१८५४ मध्ये बाविसाव्या वर्षी मॅक्सिमिलियन ह्या आरमाराचा प्रमुख झाला. हे पद रक्ताने मिळालेलं, त्यात संशय नाही. पण पद मिळाल्यावर त्याने केलेलं काम खरं होतं. एड्रियाटिकवरच्या पोला बंदरात मोठी गोदी आणि शस्त्रागार उभारायला घेतलं, वाफेची जहाजं आणि पुढे चिलखती जहाजं बांधायचा आग्रह धरला, माणसं पारखली. विल्हेल्म फॉन तेगेटहोफ नावाचा एक तुसडा, बुद्धिमान अधिकारी त्याने पुढे आणला. १८६६ च्या जुलैमध्ये लिसा बेटाजवळ ह्याच तेगेटहोफने मोठ्या इटालियन आरमाराला हरवलं, आपलं जहाज थेट शत्रूच्या 'रे दि'इतालिया' ह्या जहाजावर घालून ते बुडवलं. त्या धडक मारणाऱ्या जहाजाचं नाव होतं 'एर्त्सहेर्त्सोग फर्डिनांड माक्स'. म्हणजे खुद्द आपल्या माणसाचंच नाव. तो स्वतः मात्र तेव्हा अर्ध्या पृथ्वीपलीकडे, मेक्सिकोतल्या आपल्या बुडत्या राज्यात बसला होता. नावाने लढाई जिंकली, नाव असणारा हरत होता.

मला त्याचं सगळ्यात आवडतं काम ह्या लढायांमधलं नाही. ३० एप्रिल १८५७ ला त्याने 'नोवारा'ला पृथ्वीप्रदक्षिणेला पाठवलं. लढायला नाही, बघायला. जहाजावर भूगर्भशास्त्रज्ञ, प्राणिशास्त्रज्ञ, मानववंशाचा अभ्यास करणारे, एक माळी, आणि योझेफ सेलेनी नावाचा चित्रकार. सेलेनीने त्या प्रवासात सुमारे २,००० चित्रं आणि रेखाटनं केली. कॅमेरा असताना आपण दोन हजार फोटो काढतो आणि एकही पाहत नाही, तो भाग वेगळा. जहाज २६ ऑगस्ट १८५९ ला परत आलं, सुमारे ५१ हजार सागरी मैल फिरून. येताना काय काय आलं! दगड, पक्षी, कवट्या, बिया, शब्दसंग्रह. पेरूमधून कोकाच्या पानांचा मोठा साठा आला, आणि त्यातूनच ग्योटिंगेनच्या प्रयोगशाळेत कोकेन प्रथम वेगळं काढलं गेलं. कलेचा आश्रयदाता राजपुत्र आणि कोकेन, ह्या दोन गोष्टी इतक्या साध्या धाग्याने जोडलेल्या असतील असं मला वाटलं नव्हतं.

ह्या प्रवासात ते जहाज आपल्याकडेही आलं. १८५८ च्या सुरुवातीला सिलोन, मग मद्रास, मग निकोबार. साल पुन्हा वाचा. मध्य हिंदुस्थान पेटलेला होता. 'नोवारा'वरचे शास्त्रज्ञ मार्चमध्ये निकोबारच्या झोपड्या मोजत, माशांची चित्रं काढत होते, त्याच महिन्यात झाशीला वेढा पडत होता, आणि निकोबारच्या उत्तरेला अंदमानात बंडातल्या २०० कैद्यांची पहिली तुकडी उतरवली जात होती. निकोबारवर ऑस्ट्रियाचा जुना डोळा होता. अठराव्या शतकात तिथे त्यांनी वसाहतीचा एक फसलेला प्रयत्नही केला होता. ह्या खेपेलाही जागा बघून झाली, टिपणं झाली आणि पुढे काही घडलं नाही. लहानपणी आम्हाला अंदमान म्हणजे फक्त काळं पाणी माहीत. त्याच पाण्यावर त्याच दिवसांत कुणीतरी रंगपेटी उघडून बसलं होतं, हे कळल्यावर मी त्या दिवशी लायब्ररीतून उठलो आणि कॉफी प्यायला गेलो. राग येण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण बसवेना.

स्वतः मॅक्सिमिलियन ह्या प्रवासाला गेला नाही. त्याच वर्षी त्याचं बेल्जियमच्या राजकन्येशी, शार्लोटशी लग्न झालं आणि भावाने त्याला लोंबार्डी-व्हेनिसचा व्हाइसरॉय करून मिलानला बसवलं. दोन वर्षांत तेही गेलं. १८५९ च्या एप्रिलमध्ये भावाने पदावरून दूर केलं, पाठोपाठ लढाई झाली आणि लोंबार्डी हातची गेली. सत्ताविसाव्या वर्षी हा माणूस बेकार. आरमाराचं काम होतं, पण मन घर बांधण्यात.

आणि घर म्हणजे हेच. सांगतात की एकदा वादळात त्याच्या बोटीला ह्या खडकाशेजारच्या ग्रिन्यानोच्या खाडीत आसरा घ्यावा लागला आणि तिथेच त्याने जागा पक्की केली. गोष्ट खरी असो वा नसो, त्रिएस्तेचा 'बोरा' नावाचा वारा ज्याने एकदा अंगावर घेतला आहे त्याला ती पटते. जमिनीकडून समुद्राकडे सुटणारा, कोरडा, अंगावर धावून येणारा वारा. पूर्वी शहरात रस्त्यांच्या कडेला दोर बांधत, धरून चालायला. त्या उघड्या चुनखडी खडकावर झाड उगवत नव्हतं. ह्याने बाहेरून माती आणवली. गाड्याच्या गाड्या माती. 'नोवारा'वर जो माळी गेला होता, अँटन येलिनेक, त्याला पुढे ह्याच बागेचा प्रमुख केलं. आज तिथे सीडर आहेत, सायप्रस आहेत, कुठून कुठून आणलेली झाडं आहेत आणि शाळेच्या सहली डबे खात बसतात.

वाड्याचा स्थापत्यकार कार्ल युंकर. काम १८५६ ला सुरू झालं, १८६० च्या नाताळात नवराबायको तळमजल्यावर राहायला आली. वरचा मजला तो असेपर्यंत पुराच झाला नाही. ग्रंथालयात होमर, दान्ते, शेक्सपिअर आणि ग्योथे असे चार संगमरवरी अर्धपुतळे. चेझारे देल'आक्वा ह्या चित्रकाराकडून भिंतींसाठी मोठी चित्रं करवून घेतली, आणि विषय काय, तर खुद्द मिरामारेचा इतिहास. चार वर्षांच्या घराचा इतिहास! इजिप्तच्या वस्तूंचा संग्रह केला, त्यातला बराच आज व्हिएन्नाच्या मोठ्या संग्रहालयात आहे. एक छोटी स्फिंक्स मात्र अजून धक्क्याच्या टोकावर बसलेली आहे, समुद्राकडे तोंड करून. पोरं तिच्या डोक्यावर टोप्या ठेवून फोटो काढतात.

आश्रयदाता ह्या शब्दाने मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर गादीवर बसलेला, खूश होऊन कडं काढून देणारा कुणीतरी येतो. हा तसा नव्हता. ह्याला स्वतःच्या हाताने मांडायला आवडायचं. कुठलं कापड, कुठलं लाकूड, खिडकीतून काय दिसावं, झाड कुठे लावावं. १८५३ मध्ये भावावर सुरीहल्ला झाला आणि तो वाचला, तेव्हा ह्यानेच पुढाकार घेऊन वर्गणी काढली आणि त्यातून व्हिएन्नाचं व्होटिव्ह चर्च उभं राहिलं. स्पर्धेत निवडलेला स्थापत्यकार हाइनरिख फॉन फेर्स्टेल तेव्हा जेमतेम पंचविशीतला. चर्च पुरं व्हायला १८७९ उजाडलं. वर्गणी काढणारा तोवर बारा वर्षं थडग्यात होता.

वाड्याच्या तळमजल्याच्या भिंतींवर निळं कापड आहे आणि त्यात नांगर विणलेले. वरच्या मजल्यावर गेलं की भिंती लाल होतात आणि नांगराच्या जागी मेक्सिकोच्या साम्राज्याचं चिन्ह येतं. एक जिना चढायचा, एवढंच अंतर. मला त्या जिन्यावर प्रत्येक वेळी वाटायचं, अरे नको चढूस.

मेक्सिकोचं प्रकरण थोडक्यात असं. बेनितो हुआरेझ हा झापोतेक जमातीतला, लहानपणीच पोरका झालेला माणूस वकील होऊन राष्ट्राध्यक्ष झाला होता. देश यादवीतून नुकताच निघालेला, तिजोरी रिकामी. १८६१ मध्ये त्याने परदेशी कर्जाची फेड दोन वर्षं थांबवली. फ्रान्सच्या तिसऱ्या नेपोलियनला निमित्त मिळालं, सैन्य आलं, आणि मेक्सिकोतल्या हरलेल्या सनातनी पक्षाला आपला एक राजा हवा होता. कुठला? कॅथलिक, घराणं मोठं, हाताला काम नसलेला. त्रिएस्तेच्या खडकावर असा एक जण घर सजवत बसला होता. घराने त्याच्या डोक्यावर कर्जही करून ठेवलं होतं. त्याने अट घातली की तिथल्या लोकांची इच्छा मला दिसली पाहिजे. त्याला कागद दाखवण्यात आले. फ्रेंच संगिनींखाली गोळा केलेल्या सह्या. त्या त्याला खऱ्या वाटल्या, किंवा वाटायला हव्या होत्या.

भाऊ स्वतः मिरामारेला आला आणि ऑस्ट्रियाच्या गादीवरचा हक्क सोडल्याच्या कागदावर सही घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी, १० एप्रिल १८६४ ला, मुकुट स्वीकारण्याचा समारंभ. १४ तारखेला दोघं निघाली. कुठल्या जहाजाने? 'नोवारा'. वाटेत, अटलांटिकवर, नव्या सम्राटाने काय केलं? दरबारी रीतिरिवाजांचा ग्रंथ लिहिला. कुणी कुठे उभं राहायचं, कुणी किती वाकायचं. केबिनीत बसून. खरी केबिन, नक्कल नाही.

इथे मला आमच्या रत्नागिरीचा थिबा राजा आठवल्याशिवाय राहत नाही. ब्रह्मदेशाचा राजा, इंग्रजांनी १८८५ साली मंडालेहून उचलला आणि आमच्या गावात आणून ठेवला. १९१० मध्ये त्याच्यासाठी समुद्राकडे बघणारा वाडा बांधून झाला आणि १९१६ मध्ये तो तिथेच गेला. शाळेत असताना आम्ही तिथे जायचो, तर आजी म्हणायची, जाऊ नका, त्या वाड्याला शांती नाही. मिरामारेबद्दलही तेच. जो ह्या वाड्यात झोपतो तो परमुलखात अकाली मरतो, असं त्रिएस्तेत सांगतात आणि नावं मोजून दाखवतात. मॅक्सिमिलियन, सारायेव्होत गोळी लागलेला फ्रान्झ फर्डिनांड, नैरोबीला युद्धकैदी म्हणून मेलेला आओस्ताचा ड्यूक. कुणाचा राजवाडा उठवून कुणाला तिथे नेऊन बसवायचं हे दूरच्या राजधान्यांमध्ये ठरत असतं, आणि शापाचं बालंट येतं बिचाऱ्या दगडविटांवर.

व्हेराक्रूझला २८ मे ला उतरले तर स्वागताला जवळजवळ कुणी नाही. राजधानीतल्या राजवाड्यात पहिल्या रात्री ढेकूण इतके की सम्राट बिलियर्डच्या टेबलावर झोपला, अशी गोष्ट आहे. अरुंद जागी झोपायची सवय होतीच, हे माझं.

मग त्याने पुन्हा घर मांडायला घेतलं. चापुल्तेपेकच्या टेकडीवरचा वाडा सजवला, गच्चीवर बाग केली, सांतियागो रेबुल ह्या मेक्सिकन चित्रकाराकडून भिंतींवर नृत्यमग्न स्त्रिया रंगवून घेतल्या. टेकडीपासून शहरापर्यंत सरळ, रुंद, झाडांचा रस्ता काढला. तो आज 'पासेओ दे ला रेफॉर्मा' म्हणून मेक्सिको शहराचा सगळ्यात देखणा रस्ता आहे. नाव मात्र हुआरेझच्या सुधारणांचं. जुनी टाकसाळ असलेल्या इमारतीत त्याने राष्ट्रीय संग्रहालय सुरू केलं, आणि ते ६ जुलै १८६६ ला, स्वतःच्या चौतिसाव्या वाढदिवशी उघडलं. भावाला पत्रं लिहून हॅब्सबुर्गांच्या खजिन्यातली अझ्टेक पिसांची एक ढाल मेक्सिकोला परत आणवली. युरोपच्या संग्रहालयांनी लुटलेल्या वस्तू परत द्याव्यात की नाही ह्यावर आज जे रण माजलं आहे, ते पाहता १८६५ च्या सुमारास एका परक्या, लादलेल्या राजाने हे करून दाखवलं हे मोठं गमतीचं वाटतं. सुप्रसिद्ध पिसांचा मुकुट अजून व्हिएन्नातच आहे. ढाल चापुल्तेपेकला.

आणि राज्यकर्ता म्हणून? इथे माझं मन दोन्हीकडे ओढलं जातं. ज्या सनातन्यांनी त्याला आणलं त्यांना वाटत होतं की हा चर्चच्या जमिनी परत देईल. त्याने दिल्या नाहीत. हुआरेझचे बरेचसे कायदे तसेच ठेवले. शेतमजुरांच्या कामाच्या तासांना मर्यादा घातली, फटके बंद केले, मोठी वंशपरंपरागत कर्जं रद्द केली, आणि काही फर्मानं स्पॅनिशबरोबर नाव्हात्ल ह्या तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतही छापली. कागदावर सुंदर. पण फर्मानाच्या मागे उभी होती ती फ्रेंच बंदूक, आणि ३ ऑक्टोबर १८६५ ला त्याच हाताने सही झाली ती वेगळ्या कागदावर. शस्त्रासह सापडेल त्याला चोवीस तासांत गोळी. त्या कागदाखाली किती माणसं गेली. चित्रं, रस्ता, झाडं ह्यांच्याबद्दल लिहिताना मी हे शेवटी लिहितो आहे, हेही माझं मलाच खटकतं आहे. मेक्सिकन माणसाने लिहिलं असतं तर पहिल्या ओळीत आलं असतं.

मला वाटतं, ह्या माणसाची नजर केबिनीच्या मापाची होती. हाताच्या अंतरावरचं सगळं त्याला अचूक दिसायचं. कापडाचा पोत, अधिकाऱ्याची कुवत, मातीत काय रुजेल. माणूस पारखून तेगेटहोफ काढला, माळी पारखून येलिनेक. पण देश म्हणजे न दिसणारी माणसं. ती त्याला खिडकीबाहेरच्या समुद्रासारखी दिसली. सुंदर आणि आपल्याकडेच बघणारी.

शेवट सगळ्यांना माहीत आहे. अमेरिकेची यादवी संपली, तिने डोळे वटारले, नेपोलियनने सैन्य परत बोलावलं. शार्लोट, तिकडे तिला कार्लोटा म्हणत, मदत मागायला युरोपात आली. पॅरिसला नकार, रोमला पोपसमोर तिचं भान सुटलं. तिला मिरामारेलाच आणून बागेतल्या छोट्या वाड्यात महिनोन्‌महिने कोंडून ठेवलं. ती १९२७ पर्यंत जगली, शहाऐंशीव्या वर्षापर्यंत, बेल्जियममध्ये. साठ वर्षं. ह्या साठ वर्षांबद्दल लिहायची माझी हिंमत होत नाही.

तो केरेतारोला वेढ्यात सापडला. १५ मे १८६७ ला शहर पडलं. व्हिक्टर ह्यूगो आणि गॅरिबाल्डी ह्यांच्यासारख्या प्रजासत्ताकवाद्यांनीही हुआरेझकडे त्याच्या जिवासाठी रदबदली केली. हुआरेझ बधला नाही, आणि त्याच्या जागी उभं राहून पाहिलं तर का बधावं हेही कळत नाही. १९ जूनच्या सकाळी मिरामोन आणि मेहिया ह्या दोन सेनापतींबरोबर त्याला टेकडीवर नेलं. मधली मानाची जागा त्याने मिरामोनला दिली, आणि गोळ्या झाडणाऱ्या शिपायांना एकेक सोन्याचं नाणं.

पॅरिसमध्ये बातमी पोचली आणि एदुआर माने कामाला लागला. दीड-दोन वर्षं तो हाच प्रसंग पुन्हापुन्हा रंगवत राहिला. तीन मोठी तैलचित्रं, एक छोटं, एक शिळाछाप. हळूहळू शिपायांच्या अंगावरचे मेक्सिकन कपडे गेले आणि फ्रेंच शिपायासारखे गणवेश आले. बंदुकीचा चाप ओढणारे आपलेच आहेत, असं म्हणणारं चित्र. सरकारने ते दाखवू दिलं नाही, शिळाछापही रोखला. एक चित्र मानेच्या मृत्यूनंतर कापून तुकड्यांनी विकलं गेलं आणि द्गा ह्या चित्रकाराने ते तुकडे शोधून शोधून विकत घेतले. ते आता लंडनला आहेत, फटी तशाच ठेवून जोडलेले. शेवटचं, पुरं झालेलं, जर्मनीत मानहाइमला. आयुष्यभर चित्रकारांना कामं देणाऱ्या माणसाचं सगळ्यात मोठं चित्र त्याने सांगितलेलं नव्हतं, आणि त्यात तो धुरात नीट दिसतही नाही.

प्रेत आणायला भावाने तेगेटहोफला पाठवलं. जहाज तेच. शवलेपन इतकं वाईट झालं होतं की म्हणतात, निळ्या डोळ्यांच्या जागी कुठल्याशा संताच्या पुतळ्याचे काळे काचेचे डोळे बसवले होते. १८६८ च्या जानेवारीत, बोरा वाहतो त्या दिवसांत, 'नोवारा' त्रिएस्तेला लागली. तिथून आगगाडीने व्हिएन्ना, आणि कापुचिन मठाच्या तळघरात बाकीच्या हॅब्सबुर्गांशेजारी जागा. 'नोवारा' पुढे तीस वर्षं जगली आणि १८९९ मध्ये मोडीत निघाली.

शेवटच्या दिवशी मी पुन्हा त्या खोलीत गेलो. बायकोही होती बरोबर, कार्यशाळा संपली होती. तिला मी बाकड्याची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "पट्टी कुठल्या बाजूला होती?" मी म्हटलं, बाहेरच्या. ती म्हणाली, "इथे नाहीये." खरंच नव्हती. नक्कल करणाऱ्याने छत खाली आणलं होतं, लाकूड लावलं होतं, खिडक्या समुद्रावर काढल्या होत्या. पण कललं तर सामान घसरू नये म्हणून जे जे बोटीवर असतं, त्यातलं आम्हाला तरी तिथे काही दिसलं नाही. पहारेकरी बाईंनी घड्याळ दाखवलं. आम्ही बाहेर आलो.

आजोबांचं बाकडं आता दादाच्या अंगणात असतं. वहिनी त्यावर आमसुलं वाळत घालते. पट्टीमुळे ती खाली पडत नाहीत.